संगणकीय नकाशा व स्थाननिश्चिती (दातिवरे किनाऱ्याच्या संदर्भात)

संगणकीय नकाशा व स्थाननिश्चिती : मेजावरील संगणकाच्या पडद्यावर भूप्रदेशाचा नकाशा दाखविणे, तो हवा तसा सरकविता व लहानमोठा करता येईल अशी सोय करणे आणि पाहणाऱ्याचे अथवा एखाद्या वस्तूचे स्थान त्यावर बिंदुरूपाने दर्शविणे, या तीन गोष्टी आज एकाच आज्ञावलीत एकत्र आढळतात. वापरणाऱ्यास त्या एकाच यंत्राच्या करामती वाटतात; पण त्यांचा उगम एक नाही. नकाशा मोजणीदाराच्या साखळीतून व थिओडोलाइटमधून आला, स्थाननिश्चिती नाविकाच्या घड्याळातून आली आणि दोहोंचा मेळ घालण्याचे काम संगणकाकडे अगदी अलीकडे आले. हा मेळ सर्वत्र सारखा बसलेला नाही. तो कोठे बसतो व कोठे बसत नाही, हे पाहण्यास उत्तर कोकणातील दातिवऱ्याचा किनारा सोयीचा आहे. जमिनीची मोजणी, खाडीची भरती-ओहोटी आणि समुद्रावरील वाट या तिन्हींचा तेथे एकाच गावाशी संबंध येतो.

दातिवरे हे पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) पालघर तालुक्याचे गाव वैतरणा नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसले आहे. मुखाच्या पलीकडे दक्षिणेस अर्नाळ्याचे बेट व त्यावरील किल्ला आहे. उत्तरेस कोरे, एडवण, केळवे ही किनाऱ्यावरील गावे लागतात. पश्चिम रेल्वेवरील सफाळे हे जवळचे स्थानक. गावाचे स्थान सु. १९° ३०' उ. अक्षांश व ७२° ४६' पू. रेखांश असे सांगता येते. एवढे सांगितले म्हणजे गाव सापडेल, असे वाटते. परंतु या भागात अक्षांशाची एक कला म्हणजे सु. १.८५ किमी. आणि रेखांशाची एक कला म्हणजे सु. १.७५ किमी. अंतर होते. कलांपर्यंतचा आकडा देणारा गावाचा बोध करून देतो. घराचा, बंदराचा किंवा खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्याचा नव्हे.

आकड्यांनी स्थान सांगण्याची रीत येण्यापूर्वी या किनाऱ्यावरील नाविक व मच्छीमार खुणांनी स्थान ओळखत. किनाऱ्यावरील एखादे झाड अथवा देऊळ आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत आले, तशीच दुसरी जोडी दुसऱ्या दिशेस जुळली, की त्या दोन रेषांच्या छेदाशी होडी आहे असे समजावयाचे. पाण्याची खोली वावांत मोजून त्याची खात्री करावयाची. भूमितीच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. तिची मर्यादा एवढीच, की जमीन दिसेनाशी झाली की ती संपते. दूरच्या सफरी करणारे अरबी समुद्रातील नाविक ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची ‘कमाल’ नावाच्या साधनाने मोजीत. लाकडाची लहान फळी व तिच्या मध्यातून ओवलेली गाठींची दोरी एवढेच हे साधन. त्यावरून अक्षांश मिळे, रेखांश मिळत नसे. पोर्तुगीज दर्यावर्दी द. ज्वांव द कास्त्रू याने १५३८-३९ मध्ये गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे जे मार्गवर्णन तयार केले, त्यातही अक्षांशांची व होकायंत्राच्या विचलनाची निरीक्षणे आहेत. वसईचा प्रांत १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होता. दातिवरे व अर्नाळा परिसरातील लहानमोठी ठाणी खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी होती. मराठ्यांनी अर्नाळा १७३७ मध्ये व वसई १७३९ मध्ये घेतली. मराठेशाहीतील मोडी लिपीतील जे नकाशे उपलब्ध आहेत, त्यांत नद्या, घाट, किल्ले व गावे यांचा परस्परसंबंध नीट दाखविलेला असतो; प्रमाण मात्र सर्वत्र एकच नसते. कोणत्या गावानंतर कोणते गाव, हा प्रश्न ते सोडवीत. किती अंतरावर, हे सांगणे त्यांचे काम नव्हते आणि त्याबद्दल त्यांना सदोष ठरविणे योग्य नाही.

रेखांशाचा प्रश्न हा मुळात वेळेचा प्रश्न आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास चार मिनिटे व एका कलेस चार सेकंद लागतात. दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतील फरक अचूक कळला, तर त्यांच्या रेखांशांतील फरक कळतो. घड्याळ चार सेकंद चुकले, तर दातिवऱ्याच्या अक्षांशावर स्थान पावणेदोन किमी. सरकते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईस कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली, ती खगोलीय निरीक्षणांसाठी व बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी यासाठी. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे धरली जाई, आणि १९०६ मध्ये भारतीय प्रमाण वेळ लागू झाल्यावरही शहराने ती बरीच वर्षे सोडली नाही.

जमिनीवरील मोजणी निराळ्या वाटेने आली. विल्यम लॅम्बटन याने एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. एक रेषा काटेकोरपणे मोजावयाची आणि पुढे केवळ कोन मोजून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडीत जावयाचे, ही ती पद्धत [→ त्रिकोणीय सर्वेक्षण]. काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने पृथ्वीच्या आकाराचे जे विवृत्ताभ १८३० मध्ये निश्चित केले, त्यावर भारताचे नकाशे पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ आधारलेले राहिले. त्रिकोणांचे हे जाळे आतून अत्यंत सुबक होते. पण ते पृथ्वीवर नेमके कोठे ठेवावयाचे, हे मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर अवलंबून होते, आणि तो रेखांश गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे वगैरे खगोलीय निरीक्षणांवरून काढलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्राने वेळेची तुलना करणे शक्य झाले, तेव्हा तो सु. २ कला २७ विकला अधिक धरला गेल्याचे निश्चित झाले. घड्याळाच्या भाषेत ही चूक जेमतेम दहा सेकंदांची. जमिनीवर मात्र तिचा अर्थ असा, की जुन्या नकाशांच्या चौकटीवरील आकडे वाचून दातिवऱ्याचे स्थान काढले, तर ते प्रत्यक्षापेक्षा चार किमी.हून अधिक पूर्वेस, म्हणजे किनारा सोडून बरेच आत येते. जुन्या पत्रकांच्या समासात या दुरुस्तीची सूचना छापलेली असे. पत्रक संगणकात घेताना समास कापून टाकण्याची रीत असल्याने हीच सूचना अनेकदा गळून पडते.

याच काळात तिसरी, सर्वस्वी वेगळी मोजणी चालू होती. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी महसुली मोजणी सुरू केली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाले. तिचे मुख्य साधन तेहतीस फुटी साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब आजही सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जिवंत आहे. प्रत्येक सर्व्हे नंबराचे टिपण करावयाचे, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवावयाचे आणि सर्व टिपणे जुळवून गावाचा नकाशा तयार करावयाचा, असा क्रम होता. या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. शेताचे क्षेत्र व त्यावरील आकारणी ठरविणे हा त्याचा हेतू होता आणि त्यासाठी गाव पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहे हे जाणण्याची गरज नव्हती. शिवेवरील दगडाशी तो संपतो. परिणामी, सर्वेक्षण खात्याचा नकाशा गाव कोठे आहे हे सांगे पण शेत कोणाचे ते सांगत नसे. महसूल खात्याचा नकाशा शेत सांगे पण गाव कोठे ते सांगत नसे. शतकाहून अधिक काळ हे दोन कागद दोन कचेऱ्यांत राहिले.

त्यात आणखी एक अडचण होती. स्वातंत्र्योत्तर काळात समुद्रकिनारा व भूसीमा यांपासून सु. ८० किमी.च्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणावरील स्थलवर्णनात्मक पत्रके संरक्षणाच्या कारणास्तव निर्बंधित होती. दातिवरे ज्यात येते ते ४७ ए क्रमांकाचे क्षेत्र या पट्ट्यात मोडते. ज्या गावाचे बांध, विहिरी व पायवाटा त्या पत्रकावर होत्या, त्या गावच्या शाळेस ते भिंतीवर लावण्यासाठी सहजासहजी मिळण्याजोगे नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व सर्वांसाठी एक अशा दोन मालिका केल्या, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीचे बंधन बहुतांशी काढून टाकले. मधल्या काळात उपग्रहांची छायाचित्रे कोणाच्याही पडद्यावर आली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

नकाशा संगणकात भरण्याची कल्पना १९६० नंतरच्या दशकातील. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन याने भूमीच्या उपयोगाची माहिती साठविण्यासाठी जी योजना आखली, ती भौगोलिक माहिती प्रणालीची आद्य प्रणाली मानली जाते. हॉवर्ड फिशर याने १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा काढली. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने १९८२ मध्ये नैसर्गिक साधनसंपत्तीच्या माहितीच्या व्यवस्थापनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्या कार्यक्रमाच्या प्रेरणेने मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साधनसंपत्ती अभियांत्रिकी अध्ययन केंद्रात ‘ग्रॅम’ ही आज्ञावली व पुढे विंडोज प्रणालीवर चालणारी ‘ग्रॅम प्लस प्लस’ ही तिची विस्तारित आवृत्ती तयार झाली. परदेशी आज्ञावल्यांची किंमत जिल्हा पातळीवरील कचेऱ्यांना परवडणारी नव्हती, अशा काळात साध्या मेजसंगणकावर जिल्ह्याचा व खेड्याचा नकाशा चालावा हा तिचा हेतू होता. नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे असले, तरी ते ऐकताना ‘ग्राम’ आठवते. त्या काळी नकाशा संगणकात घेणे हे हातकाम होते. अंकन-मेजावर कागद ताणून बसवावयाचा, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यावयाचे आणि प्रत्येक रेषेवरून हाताने दर्शक फिरवावयाचा. कागद पावसाळी हवेत फुगला असेल, तर तेवढी चूक नकाशात कायमची शिरत असे. राज्य शासनाने १९८८ मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन केले. उपग्रहचित्रांवरून भूमी, पाणी व वन यांचे जिल्हावार नकाशे तयार करण्याचे काम त्यामुळे राज्यातच होऊ लागले.

आज सर्वपरिचित असलेला सरकता नकाशा मेजसंगणकावरील आज्ञावलीतूनच निघाला, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे रासमुसेन बंधू व त्यांचे सहकारी यांनी ‘व्हेअर टू’ या नावाने जी आज्ञावली तयार केली, ती संगणकावर बसवावी लागणारी होती. गुगल कंपनीने ती २००४ मध्ये विकत घेतली व फेब्रुवारी २००५ मध्ये गुगल मॅप्स म्हणून ती न्याहाळकात आणली. त्याच सुमारास, २००४ मध्ये, स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा लोकसहभागाचा मुक्त नकाशा सुरू केला. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे ‘भुवन’ ऑगस्ट २००९ मध्ये आले.

या पद्धतीची युक्ती साधी आहे. सर्व जगाचा नकाशा २५६ बिंदू लांबी-रुंदीच्या एका चौरस तुकड्यात बसवितात. पुढच्या पायरीवर त्याचे चार तुकडे होतात, त्यापुढे सोळा, याप्रमाणे. अठराव्या पायरीवर त्यांची संख्या ६,८०० कोटींवर जाते. पण पडद्यावर एका वेळी लागतात ते दहा-वीसच, आणि आज्ञावली तेवढेच मागविते. मेजसंगणकावरील आज्ञावलीत ते आधी उतरवून संगणकातच साठविता येतात. जेथे वीज व जाळे यांचा भरवसा नसतो, तेथे या सोयीचे महत्त्व मोठे आहे. या पायरीवर दातिवऱ्याच्या अक्षांशावर पडद्यावरील एक बिंदू सु. ५६ सेंमी. जागा व्यापतो. नकाशासाठी मर्केटर प्रक्षेपणाचे सोपे केलेले, पृथ्वी पूर्ण गोल मानणारे रूप वापरतात. ध्रुवांकडे त्यात क्षेत्र अतोनात फुगते. कोकणात हा दोष सौम्य आहे. तरी अंतर मोजणारी आज्ञावली ही वाढ वजा न करता पडद्यावरील लांबीच देत असेल, तर ती येथे शंभर मीटरांचे एकशेसहा सांगेल.

स्थाननिश्चितीच्या उपग्रहांचे कार्य पुन्हा घड्याळाशी येऊन मिळते. उपग्रहाने संदेश कधी पाठविला व तो कधी पोहोचला यांतील अंतरावरून ग्राहक आपले स्थान काढतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांशात ३० सेंमी. जातो, म्हणून उपग्रहात आण्वीय घड्याळे ठेवावी लागतात. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला व १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक १ मे २००० रोजी काढून टाकली गेली, आणि शंभर मीटरच्या घरातली अचूकता दहा मीटरच्या आसपास आली. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ मालिकेचे पहिले सात उपग्रह जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात सोडण्यात आले. त्यांतील पहिल्याच उपग्रहाची आयात केलेली आण्वीय घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात देशी बनावटीचे घड्याळ बसविण्यात आले.

मेजावरील संगणकात बहुधा असा ग्राहक नसतो. तो जवळपासच्या बिनतारी जाळ्यांच्या खुणांवरून किंवा महाजालावरील आपल्या पत्त्यावरून स्थानाचा तर्क करतो. हा पत्ता सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या शहराशी बांधलेला असू शकतो, त्यामुळे दातिवऱ्यात बसलेला संगणक आपण मुंबईत आहोत असे निःशंकपणे सांगू शकतो. चांगली आज्ञावली बिंदूभोवती अनिश्चिततेचे वर्तुळ काढते; अनेक आज्ञावल्या ते वगळतात आणि दशांश चिन्हापुढे सहा अंक मात्र दाखवितात. पाचवा अंक मीटरभराचा, सहावा वीतभराहूनही कमी अंतराचा. ज्या स्थानाविषयी कित्येक किलोमीटरांची शंका आहे, ते वितीच्या मापात सांगणे ही फसवणूक नसली, तरी बेपर्वाई खासच आहे. नावावरून शोध घेण्याचीही अशीच गत होते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये हे गाव ‘दांतिवरा’ या उच्चाराच्या रोमन रूपात येते. आज रोमन लिपीत ते तीन-चार प्रकारे लिहिले जाते. मूळ नाव देवनागरीत नोंदलेले नसेल, तर शोध निष्फळ होतो.

याहून गंभीर प्रश्न आधाराचा आहे. उपग्रह जे अक्षांश-रेखांश देतात, ते १९८४ च्या जागतिक विवृत्ताभावर असतात. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या पत्रकांवरील आकडे, मद्रासची दुरुस्ती केल्यानंतरही, एव्हरेस्टच्या विवृत्ताभावर आहेत. दोहोंचे केंद्र एक नाही. उत्तर कोकणात त्यामुळे एकाच जागेचे दोन्ही पद्धतींनी काढलेले स्थान सु. शंभर मीटरने भिन्न येते. शिवाय भारताचा भूखंड वर्षाला सु. पाच सेंमी. ईशान्येकडे सरकत आहे. एव्हरेस्टच्या काळापासून ही वाटचाल दहा मीटरच्या आसपास झाली. गावाच्या महसुली नकाशाला तर आधारच नाही. तो उपग्रहचित्रावर बसविण्यासाठी शिवेवरील जुने दगड शोधून त्यांचे स्थान मोजावे लागते. जेथे दगड हलले, पुरले गेले किंवा खाजणात बुडाले, तेथे बसविणाऱ्याच्या अंदाजावर काम होते.

समुद्रात या आकड्यांनी मच्छीमारांचे हित निश्चितपणे साधले आहे. हैदराबादच्या भारतीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मिळते. तीत किनाऱ्यावरील केंद्रापासूनची दिशा, अंतर, खोली व अक्षांश-रेखांश हे सर्व असते, आणि ती मराठीतही निघते. वावांत खोली मोजणाऱ्या परंपरेस ही माहिती परकी नाही. परंतु जेथे सीमाच ठरलेली नाही, तेथे यंत्र निरुपयोगी होते. सर क्रीकचा वाद सुटलेला नसल्याने गुजरातपुढील समुद्रात भारत व पाकिस्तान यांमधील रेषा मान्य झालेली नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागातून गुजरातच्या बोटींवर कामास जाणारे खलाशी पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे पडल्याची उदाहरणे आहेत. आपले स्थान अचूक ठाऊक असूनही आपण कोणाच्या पाण्यात आहोत हे त्यांना कळण्यास मार्ग नसतो. पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या वेळीच देशातील एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे स्थान कळविणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. या यंत्रावरून दुतर्फा संदेश जातो. संकटातील नौका त्यामुळे सापडते. नौका कोठे आहे हे किनाऱ्यावरील अधिकाऱ्यांस नेहमी दिसत राहते, ही त्याची दुसरी बाजू.

किनाऱ्यावरचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९१, २०११ व २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनांनुसार बांधकामाचे निर्बंध भरतीरेषेपासून मोजले जातात. ग्रामीण भागात २०० मीटरचा विकासनिषिद्ध पट्टा हा त्यांतील प्रमुख. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत व ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक चार-पाच मीटर असतो आणि किनारा सपाट असल्याने पाणी दूरवर सरकते. उपग्रहचित्रात दिसतो तो केवळ चित्र घेतल्या क्षणाचा काठ. ज्या पट्ट्याची रुंदीच २०० मीटर आहे, तेथे आधार बदलल्याने पडणारा शंभर मीटरचा फरक क्षुल्लक म्हणता येत नाही. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने व मासे वाळविण्याच्या जागा नकाशात दाखविण्यास सांगितले. राज्याच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून, विशेषतः मुंबईतून, या जागा नकाशांत आल्या नाहीत अशा हरकती नोंदविल्या गेल्या. मासळी वाळविण्याची जागा उपग्रहातून मोकळी वाळू दिसते. ती कोणत्या वाड्याची, कोणत्या महिन्यांत वापरात असते, हे गावात विचारल्याखेरीज नकाशात येऊ शकत नाही.

या आराखड्यांचे मूळ प्रमाण १ : २५,००० असून गावपातळीवर सु. १ : ४,००० प्रमाणाचे नकाशे करावयाचे असतात. पहिल्या प्रमाणात अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर साडेबारा मीटर जागा व्यापते, दुसऱ्यात दोन मीटर. कागदावर ही जाडी डोळ्यांना दिसे. पडद्यावर नकाशा कितीही मोठा केला तरी रेषा एक-दोन बिंदूंइतकीच बारीक राहते, आणि खाडीकाठचे घर तिच्या आत किंवा बाहेर स्पष्ट दिसू लागते. ती रेषा कोणत्या प्रमाणाच्या, कोणत्या आधाराच्या व कोणत्या सालच्या पत्रकावरून घेतली याची नोंद आज्ञावलीत ठेवलेली नसेल, तर त्या घराचा निर्णय पडद्यावरून होत नाही. मोजणीदाराला दगड शोधीत जागेवरच जावे लागते.